दप्तराची यादी आणि मुलांचे हात

(नभोवाणीवरून केलेलें भाषण)

जून महिना उजाडला कीं आपल्याकडील घराघरांत दोन गोष्टींची वाट पाहिली जाते. एक पावसाची आणि दुसरी शाळा उघडण्याची. पाऊस आपल्या मर्जीनें येतो. शाळा मात्र ठरल्या दिवशीं उघडते, आणि तिच्या आधीं चार दिवस तिची यादी घरीं येऊन पोंचते. एकरेघी वह्या इतक्या, दुरेघी इतक्या, चौकटींच्या इतक्या, वेष्टणाचा कागद अमुक रंगाचा, कंपासपेटी, रंगखडू, पाण्याची बाटली. अलीकडे पुष्कळ शाळांच्या यादींत शेवटीं आणखी चार ओळी वाढल्या आहेत: द्रवरूप साबणाची एक बाटली, सॅनिटायझरची एक बाटली, कागदी रुमालांचा एक खोका आणि दोन नॅपकिन. यादीच्या पहिल्या भागावरून आईबापांत जी कुरकुर होते ती जुनीच आहे. या शेवटच्या चार ओळींवरून मात्र पालकांच्या सभांत चांगलीच खडाजंगी होऊं लागली आहे. आज मला तिच्याविषयीं कांहीं बोलावयाचें आहे.

मी मॅट्रिकपर्यंत शिकलेला एक साधा प्राथमिक शिक्षक. वैद्यकशास्त्राचा अधिकार मी सांगत नाहीं. तथापि छत्तीस वर्षें मुलांचे हात रोज माझ्या नजरेखालून गेले. शाईनें माखलेले, मातीनें भरलेले, चिंचा-आंवळ्यांनीं चिकट झालेले. त्या अनुभवाला इतरांनीं सिद्ध केलेल्या ज्ञानाची जोड देऊन मी बोलणार आहें.

मी १९८१ सालीं नोकरीस लागलों तेव्हां पहिलीच्या वर्गांत अद्याप दगडी पाटी होती. पाटी, पेन्सिल आणि एक पुस्तक एवढ्यावर मुलाचें वर्ष उरकत असे. या पाटीचा एक दोष होता. ती पुसावयास पाणी लागे, आणि पाणी हाताशीं नसलें कीं मुलें सरळ थुंकी लावून ती तळहातानें पुसत. मग तोच हात शेजाऱ्याच्या खांद्यावर, आणि मधल्या सुटींत तोच हात डब्यांतील पोळीवर. म्हणून जागरूक शिक्षक मुलांना एका लहान डबींत ओल्या फडक्याची चिंधी आणावयास सांगत. माझ्या आठवणींतील शाळेच्या यादींत आरोग्यासाठीं घातलेली ही पहिली वस्तु. तिच्यावरून कधीं भांडण झालें नाहीं. कारण ती घरांतील जुन्या लुगड्यांतून फुकट निघे, तिचा उपयोग डोळ्यांना दिसे, आणि ज्याची चिंधी वाळली असेल त्याला शेजारचा मुलगा आपली देई.

यादींतील कोणत्याही वस्तूची पारख करावयाची झाल्यास या चिंधीचें माप लावावें, असें मला वाटतें. वस्तूची खरोखर गरज आहे काय? ती वर्गांतील गरिबांतल्या गरीब घराला झेपेल काय? आणि ती आणल्यानें मुलें एकमेकांच्या जवळ येतील कीं दूर जातील? या तीन प्रश्नांचीं उत्तरें समाधानकारक आलीं तरच ती वस्तु यादींत असावी.

वह्यापुस्तकांच्या बाबतींत पहिल्या दोन प्रश्नांचा विचार आतां सरकारदरबारींही होऊं लागला आहे. केंद्र सरकारच्या २०२० सालच्या दप्तरविषयक धोरणांत, दप्तराचें वजन मुलाच्या स्वतःच्या वजनाच्या १० टक्क्यांहून अधिक असूं नये असें सांगितलें आहे. म्हणजे २० किलो वजनाच्या मुलाच्या पाठीवर फार तर २ किलो. त्यांत अर्ध्या लिटरची एक बाटली घातली तर चौथा हिस्सा तिनेंच व्यापिला. विशिष्ट दुकानांतूनच माल घेण्याची सक्ती शाळांनीं करूं नये, असे आदेश शिक्षणखात्यानें वेळोवेळीं दिले आहेत. २०२३ सालीं महाराष्ट्र शासनानें दुसरी ते आठवीच्या पाठ्यपुस्तकांतच नोंदींसाठीं कोरीं पानें घालून वह्यांचें ओझें हलकें करण्याचा प्रयोगही करून पाहिला. परंतु मुलें पुस्तकांबरोबर वह्याही आणीतच राहिलीं, आणि २०२५ सालीं तो प्रयोग मागें घेण्यांत आला. यावरून इतकें दिसतें कीं केवळ वरून आलेल्या हुकुमानें यादी लहान होत नाहीं. वर्गांतील रोजची रीत बदलावी लागते. हीच गोष्ट हातांच्या स्वच्छतेलाही लागू आहे.

आतां त्या शेवटच्या चार ओळींकडे वळूं. मध्यंतरीं एका शहरांतील शाळेच्या पालकसभेंत मी नातवंडाचा आजोबा या नात्यानें बसलों होतों. शाळेचें नांव सांगण्याचें कारण नाहीं. अशा सभा सर्वत्र होत असतात. यादी वाचून झाल्यावर एक गृहस्थ उठले. ते म्हणाले, "माझ्या मुलीला मी उत्तम प्रतीचा सॅनिटायझर देतों. ती बाटली आठ दिवसांत संपते. ती कोण वापरतें याचा हिशेब शाळा देणार काय?" त्यांच्या मागें बसलेल्या, चार घरच्या पोळ्या करणाऱ्या एका बाई उठल्या. मुख्याध्यापिकांना त्या म्हणाल्या, "बाई, आमच्या वस्तींत नळाला चौथ्या दिवशीं पाणी येतं. या दोन बाटल्यांच्या पैशांत माझ्या घरचा महिन्याचा साबण होतो. नाहीं आणल्या तर पोराला वर्गांत उभं करूं नका, एवढंच मागणं आहे." तिसरे एक वृद्ध गृहस्थ म्हणाले, "आम्ही मातींत लोळून वाढलों, आमचें काय बिघडलें? हीं सगळीं थेरें आहेत." आणि चौथ्या एक सुशिक्षित बाई शांतपणें म्हणाल्या, "ज्यांच्या मुलांचे हात स्वच्छ नसतील त्यांना निराळ्या बांकावर बसवावें, म्हणजे प्रश्नच मिटेल."

या चौघांनाही आपापलीं मुलें सारखींच प्रिय होतीं, हें ध्यानांत घेतलें पाहिजे. त्यांच्यापैकीं कोणाचीही टर उडवून चालणार नाहीं. प्रत्येकाच्या म्हणण्याला उत्तर आहे, आणि तें उत्तर शास्त्रानें पुष्कळ अंशीं देऊन ठेविलें आहे.

पहिला प्रश्न उत्तम प्रतीच्या बाटलीचा. साबणाचें काम जंतूंना विष घालणें हें नव्हे. साबणाच्या कणाचें एक टोंक पाण्याला धरतें आणि दुसरें तेलाला. हातावरील तेलकट मळाला तो अशा रीतीनें पकडतो कीं चोळून पाणी ओतलें म्हणजे मळ आणि त्याबरोबरचे जंतु वाहून जातात. हें काम साधा साबण चोख करतो. कराचीच्या गरीब वस्त्यांत स्टीफन लूबी आणि त्यांचे सहकारी यांनीं केलेली एक पाहणी २००५ सालीं 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकांत प्रसिद्ध झाली. ज्या घरांना साबण पुरवून हात धुण्याची संवय लावण्यांत आली, त्या घरांतील मुलांमध्यें अतिसार आणि न्युमोनिया या दोन्ही रोगांचें प्रमाण इतर घरांच्या सुमारें निम्म्यावर आलें. विशेष हें कीं, कांहीं घरांना साधा साबण दिला होता आणि कांहींना जंतुनाशक. दोहोंच्या गुणांत फरक आढळला नाहीं. पुढें २०१६ सालीं अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनानें ट्रायक्लोसान धरून १९ जंतुनाशक द्रव्यें घरगुती साबणांतून काढून टाकण्याचा निर्णय दिला. तीं साध्या साबणाहून अधिक गुणकारी आहेत असें उत्पादकांना दाखवितां आलें नव्हतें.

सॅनिटायझरची गोष्ट थोडी निराळी आहे. २०२० च्या मार्चांत कोरोनामुळें शाळा बंद झाल्या, आणि पुढें त्या उघडल्या तेव्हां प्रत्येक दप्तराला एक लहानशी बाटली लोंबूं लागली. तो प्रसंगच तसा होता. जेथें पाणी हाताशीं नाहीं, तेथें ६० टक्क्यांहून अधिक मद्यार्क असलेला सॅनिटायझर निःसंशय उपयोगी पडतो. परंतु मळलेल्या किंवा तेलकट हातांवर तो नीट चालत नाहीं, आणि मैदानावरून आलेल्या मुलाचे हात नेमके तसेच असतात. उलट्या-जुलाब करणाऱ्या कांहीं विषाणूंवर त्याचा प्रभाव तोकडा पडतो. शिवाय तो पेट घेणारा आणि पोटांत गेल्यास अपाय करणारा पदार्थ. सात वर्षांच्या मुलाच्या दप्तरांत तो मोकळा असावा कीं नाहीं, याचा विचार शाळेनें अवश्य करावा.

आतां मातींत वाढलेल्या आजोबांचें म्हणणें. त्यांत सत्याचा अंश आहे. १९८९ सालीं डेव्हिड स्ट्रॅचन या इंग्लंडांतील संशोधकानें असा विचार मांडला कीं, लहानपणीं भावंडांच्या सहवासांत ज्या मुलांना बारीकसारीक संसर्ग होतात त्यांना पुढें गवतज्वरासारखे विकार कमी होतात. त्यावर पुष्कळ चर्चा झाली. परंतु मुलांनीं शौचानंतर हात धुऊं नयेत असा त्याचा अर्थ कोणीही जाणता मनुष्य करीत नाहीं. मातींत खेळणें निराळें आणि विष्ठेचा अंश तोंडांत जाणें निराळें. मुलांना मातींत खुशाल खेळूं द्यावें. शौचाहून आल्यावर आणि जेवावयास बसण्यापूर्वीं मात्र साबणानें हात धुतलेच पाहिजेत. जुनीं माणसें दणकट होतीं असें आपण म्हणतों तेव्हां जीं वांचलीं त्यांच्याकडे पाहून म्हणतों. पटकीनें आणि हगवणीनें जीं मुलें गेलीं तीं आज सभेंत उठून बोलावयास येत नाहींत.

चौथ्या बाईंच्या निराळ्या बांकाविषयीं मला अधिक बोलावयाचें आहे, कारण या सगळ्या वादाचें मूळ तेथें आहे. आपल्या समाजांत सोवळें फार जुनें आहे. सोवळें आणि स्वच्छता या दोन गोष्टी वरवर पाहतां सारख्या दिसतात, पण त्यांची दिशा उलट आहे. मी शुद्ध राहावें आणि दुसऱ्याचा स्पर्श मला होऊं नये, हें सोवळें. माझ्यापासून दुसऱ्याला आणि दुसऱ्यापासून मला अपाय होऊं नये म्हणून दोघांनींही एकाच पाण्यानें हात धुवावेत, ही स्वच्छता. सोवळ्याच्या नांवाखालीं शाळेंतील मुलांना पाण्यापासूनसुद्धां दूर ठेवण्याचें पाप येथें घडलेलें आहे. बाळ भीमरावाला साताऱ्याच्या शाळेंत स्वतःच्या हातानें पाणी घेतां येत नसे. शिपायानें वरून ओतलें तर प्यावयाचें, शिपाई नसेल तर तहानलेलें राहावयाचें. पुढें २० मार्च १९२७ रोजीं डॉ. आंबेडकरांनीं महाडच्या चवदार तळ्याचें पाणी घेतलें, तें पाणी सर्वांचें आहे हें सांगण्यासाठींच. आज शाळेच्या बांकाबांकांत भेद करावा असें उघडपणें कोणी म्हणणार नाहीं. परंतु ज्याच्याजवळ बाटली आहे त्याचे हात स्वच्छ आणि ज्याच्याजवळ नाहीं त्याचे अस्वच्छ, अशी खूण वर्गांत रोज दिसूं लागली तर तें नवें सोवळेंच होय. मुलें फार लवकर शिकतात. बाटलीवाला मुलगा आपली बाटली लपवावयास शिकतो, आणि बाटली नसलेला मुलगा आपले हात.

आणि रोगाला तर ही वाटणी मुळींच ठाऊक नाहीं. चाळीस मुलांच्या वर्गांत तीस मुलांनीं हात धुतले आणि दहांनीं धुतले नाहींत, तर त्या दहांचे हात दाराच्या कडीला, खडूला, चेंडूला आणि त्या तिसांच्या हातांना लागणारच. म्हणून आपल्या मुलाला उत्तम बाटली देणाऱ्या पित्याचा स्वार्थदेखील यांतच आहे कीं, पोळ्या करणाऱ्या बाईंच्या मुलाला साबण मिळावा.

व्हिएन्नाच्या मोठ्या इस्पितळांत १८४७ सालीं डॉक्टर सेमेलवाइस यानें हेंच दाखविलें. त्याच्या विभागांत बाळंतिणी प्रसूतिज्वरानें मरत. त्या वर्षीं एप्रिलांत हें प्रमाण शेंकडा १८ वर गेलें होतें. शवविच्छेदन करून येणाऱ्या डॉक्टरांच्याच हातांनीं रोग येतो असें त्यानें ओळखिलें, आणि क्लोरीनच्या चुन्याच्या पाण्यांत हात धुतल्याखेरीज कोणीही रुग्णेला शिवावयाचें नाहीं असा नियम केला. जूनमध्यें तें प्रमाण शेंकडा २ च्या आसपास उतरलें. तरीही पुष्कळ डॉक्टर रागावले. आमच्यासारख्या सभ्य माणसांचे हात घाणेरडे कसे, असें त्यांना वाटलें. यांतून मी दोन गोष्टी घेतों. हात कोणाचा आहे यावरून त्याची स्वच्छता ठरत नाहीं. आणि नियम लावावयाचा तर तो सर्वांना सारखा लावावा.

मग करावें काय? माझी सूचना अगदीं साधी आहे. हात धुण्याची एकही वस्तु मुलांच्या यादींत असूं नये. अपवाद एका रुमालाचा. हात पुसण्याचा रुमाल ज्याचा त्याचा असावा, कारण एकाच टॉवेलानें चाळीस मुलांनीं हात पुसणें हें न धुण्यासारखेंच आहे. पूर्वीं बालवर्गांतील मुलांच्या छातीवर टांचणीनें रुमाल लावून देत, ती चाल चांगली होती. बाकीचें सर्व, म्हणजे पाणी, साबण आणि वेळ, शाळेनें पुरवावें.

वेळ हा शब्द मी मुद्दाम उच्चारला. साबण विकत मिळतो, वेळ मिळत नाहीं. हिशेब करूं. हात नीट चोळण्यास निदान २० सेकंद लागतात. भिजविणें आणि धुणें धरून एका मुलास एक मिनिट. वर्गांत ४० मुलें आणि तोट्या ५ असतील तर ८ मिनिटें झालीं. मधली सुटी वीस मिनिटांची असेल आणि त्यांतच डबा खावयाचा असेल, तर मुलें हात धुणार नाहींत, मग दप्तरांत दहा बाटल्या असोत. म्हणून सुटीच्या आधींचीं आठ-दहा मिनिटें वेळापत्रकांत लिहून ठेवावींत आणि शिक्षकानेंही मुलांबरोबर हात धुवावेत. तळवे, हातांची मागची बाजू, बोटांच्या बेचक्या, अंगठे, नखें. हा क्रम पहिलीच्या मुलाला दोन दिवसांत पाठ होतो.

पाण्याचाही हिशेब फार नाहीं. एका मुलास अर्धा लिटर धरलें तर ४० मुलांस २० लिटर, म्हणजे एक मोठी बादली. नळ नसेल तेथें तोटी बसविलेलें पिंप चालतें. साबणाची वडी जाळीच्या पिशवींत घालून तोटीला बांधली म्हणजे ती हरवत नाहीं, चिखलांत पडत नाहीं आणि विरघळूनही जात नाहीं. ज्या शाळांत शिजविलेलें अन्न मिळतें तेथें तर याची निकड अधिक. सर्वोच्च न्यायालयाच्या २००१ सालच्या आदेशानंतर सरकारी व अनुदानित प्राथमिक शाळांत दुपारचें शिजविलेलें जेवण देण्यांत येऊं लागलें. खिचडी हातानें खाणाऱ्या त्या मुलांना बाटल्यांची यादी कोणी पाठवीत नाहीं. त्यांच्यापुढें एक तोटी आणि एक वडी हींच काय तीं साधनें.

खर्च कोणी करावा, असा प्रश्न निघेल. सरकारी व अनुदानित शाळांत सादिल खर्चांतून हें भागवावें. शिक्षणहक्काच्या २००९ सालच्या कायद्याप्रमाणें या शाळांत जी व्यवस्थापन समिति असते तिचे तीन-चतुर्थांश सभासद पालकच असतात. साबण संपला आहे कीं नाहीं हें पाहणें त्यांच्या अधिकारांतील आहे. खासगी शाळांत फी घेतली जातेच. पालक-शिक्षक संघानें त्यांतूनच हा खर्च मागावा. कोणाला अधिक द्यावयाचें असेल तर त्यानें तें शाळेच्या कार्यालयांत द्यावें, मुलाच्या हातीं वर्गांत पाठवूं नये. देणाऱ्याचें नांव वर्गांत कळलें कीं न देणाऱ्याचेंही कळतें.

शिक्षकबंधूंनाही एक विनंती आहे. प्रार्थनेच्या वेळीं नखें पाहण्याची चाल चांगली आहे. तथापि ज्याच्या घरीं चार दिवसांनीं पाणी येतें त्याच्या हातावर छडी मारून त्याचे हात स्वच्छ होत नाहींत. त्याला बाजूला घेऊन साबण द्यावा, नखें काढावयास नखकातरी द्यावी. २००८ सालापासून १५ ऑक्टोबर हा दिवस जगभर हात धुण्याचा दिन म्हणून पाळतात. त्या दिवशीं शाळाशाळांत मुलांना रांगेंत उभें करून छायाचित्रें काढतात. तें अवश्य काढावें. पण सोळा तारखेलाही त्या तोटीला पाणी असावें.

श्रोतेहो, यादीवरून भांडण होतें तें बहुधा पैशावरून होतें असें आपणांस वाटतें. माझा अनुभव असा कीं, बहुतेक आईबाप मुलासाठीं पोटाला चिमटा घेऊन पैसा काढतात. त्यांना सलते ती मुलाची वर्गांतील मानहानि. ती टाळणें शाळेच्या आणि आपल्या हातीं आहे. यंदा शाळेची यादी घरीं आली म्हणजे ती घेऊन लगेच दुकानांत जाऊं नये. पहिल्या सभेस आई आणि वडील दोघांनींही जावें, आणि बाटली कोणत्या कंपनीची आणावी हें न विचारतां इतकेंच विचारावें: हात धुण्याची वेळ वेळापत्रकांत कोठें लिहिली आहे, आणि साबण संपल्यावर तो आणण्याचें काम कोणाकडे आहे?